कंसात उरलेला एक

6x आणि 6xy यांचा मसावि 6x. मृणालनं तो बरोबर कंसाबाहेर काढला. "आणि आत शून्य अधिक y," म्हणत तिनं लिहिलं.

शिकवणीला येणारं प्रत्येक पोर इथंच चुकायचं. टिकेकर सरांनी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "अगं, शून्य नाही, एक उरतो!" सातवीत शाळा सुटलेल्या काकूंना तीस वर्षं ऐकून ऐकून ते पाठ झालं होतं.

आज काकू गेल्यानंतरची पहिलीच शिकवणी. सर सवयीनं गप्प राहिले, त्या आवाजाची वाट बघत. आत भांडंही वाजलं नाही.

मृणालनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि शून्य खोडलं. "एक उरतो, सर," ती पुटपुटली.

"जरा मोठ्यांदा म्हण," सर म्हणाले, "आतपर्यंत ऐकू जाऊ दे."