वैरणीमागे

दारावर थाप पडली आणि आईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घरात नाहीत ते. गावाला गेलेत."

"आई, अगं मी आहे!"

कडी निघाली. दारात लेक उभी, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. आईनं आधी रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळला, लेकीला आत ओढलं, कडी पुन्हा लावली आणि मग कुठे नातीकडे पाहिलं. असं कुठली आजी करते का? पण तिनं केलं खरं.

लेक भांडायलाच आली होती. बाळाला दोन महिने झाले, सासरचं एकूणएक माणूस येऊन गेलं आणि बापाचा पत्ता नाही. फोन केला की कधी मोटर जळालेली, कधी गाय आजारी. परवा सासूनं सहज विचारलं, "मुलगी झाली म्हणून रागावलेत का गं तुझे वडील?" आज तिनं बाळाला उचललं आणि सरळ माहेरची वाट धरली.

"खरंच गावाला गेलेत? की माझं तोंडच बघायचं नाही त्यांना?"

"गोठ्यात आहेत, वैरणीमागे," आई हळूच म्हणाली. "तुझ्या रिक्षाचा आवाज आला ना. हल्ली कुठलीही गाडी आली की जाऊन बसतात."

मग आईनं भडाभडा सांगून टाकलं. दोन बोअर मारल्या, दोन्ही कोरड्या. तिसरीला पाणी लागलं, टोमॅटो असा आला की बघत राहावं, आणि भाव इतका पडला की तोडणीची मजुरीसुद्धा निघेना. खतवाल्याची उधारी, सोसायटीचं कर्ज, वर चुलत्यांकडून उसने घेतलेले. "एसटीला जायचं तर या सगळ्यांच्या दारावरूनच जावं लागतं, बाई. कसे येणार तुझ्याकडे?"

"आणि मला सांगायचं नाही?"

"ओली बाळंतीण तू. म्हणाले, पोरीचं दूध आटेल."

भांडण तिथल्या तिथे विरघळलं. लेक तशीच गोठ्यात गेली.

"बाबा, या बाहेर."

वैरण हलली. केसांत गवताच्या काड्या घेऊन एवढा मोठा माणूस उभा राहिला. लेकीच्या नजरेला नजर देईना. "मला वाटलं, वसुलीवाला आला."

"वसुलीलाच आलेय. दोन महिन्यांचं थकलंय तुमच्याकडे. हात पुढे करा."

तिनं बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. बापाचा चेहरा उजळला. तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. तो दचकला, बाळाला छातीशी घट्ट धरून वैरणीच्या आडोशाला सरकला आणि कुजबुजला, "गप गं माझे बाई, गप. रस्त्यावर ऐकू जाईल."

लेकीनं त्याच्या केसांतली एक काडी काढली.

"रडू द्या, बाबा. या घरात कुणालातरी मोठ्यानं बोलू द्या."