पितृत्व रजा

या, पुढं सरकून बसा. नगरपरिषदेतली एक गोष्ट सांगतो.

गावाला पाणी सोडणाऱ्या भिवसेननं पितृत्व रजेचा अर्ज दिला. आस्थापना विभागातल्या कुमुदबाई हसल्या. “भिवसेन, पन्नाशीत पाळणा हलला होय?”

“नाही बाई. पितृत्व म्हणजे वडिलांसाठीची रजा ना? अण्णा अंथरुणाला खिळलेत. न्हाऊ घालतो, भरवतो. मी ड्यूटीला निघालो की लहान मुलासारखे रडतात.”

कुमुदबाईंनी अर्ज पुन्हा वाचला. “ही रजा बाप झालेल्याला मिळते,” त्या म्हणाल्या. “तुमचं चुकलं नाही, पण नियमाला हे कसं समजावायचं?” मग सेवापुस्तकात शिल्लक अर्जित रजा शोधून त्यांनी नवा अर्ज स्वतःच भरला.

मंडळी, महिनाभर बदली माणूस आहे, नळ उशिरा येईल. बादली आपटू नका. अण्णांना घास भरवणाऱ्या त्या बापाची आठवण ठेवा.