मरियमबींची आई

अबुधाबीचे पाहुणे सफाला बघायला आले होते आणि सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुलाच्या आईने, शहरबानूने, सफाच्या धाकट्या बहिणीला सहज विचारलं, "तू काय करतेस बेटा?"

तेरा वर्षांच्या हिबाला एवढंच हवं होतं. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा इतिहास आपल्या आसपास शोधा आणि चारचौघांना सांगा, असं शाळेने सांगितलं होतं. पोरीला तो घरातच सापडला. तिने आतून तक्ता आणला. मधोमध मुरूडच्या एका सिद्दी बाईचा फोटो. काळीभोर, कुरळ्या केसांची, हसरी.

"माय ग्रेट-ग्रँडमदर!" हिबा म्हणाली. "दादीची आई!"

शहरबानूने सरबताचा पेला खाली ठेवला. "हबशी?"

हिबाची आई नबिला पांढरीफटक पडली. "छे हो! कामाला होती ती अम्मींच्या माहेरी. हो ना, अम्मी?"

सगळ्यांच्या नजरा दादीकडे वळल्या. मरियमबींनी ओढणी कपाळावर पुढे ओढली. गेल्याच आठवड्यात त्या याच सोफ्यावर बसून हिबाला आईबद्दल भरभरून सांगत होत्या. आई गेल्यापासून पन्नास वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. पण समोर सफा मान खाली घालून बसली होती, आणि आधीची दोन स्थळं फिरली होती.

"हो," त्या म्हणाल्या. "कामवालीच ती."

"बट दादी, आय हॅव रेकॉर्डिंग्ज!" हिबाने फोन काढला. "यू टोल्ड मी एव्हरीथिंग."

मरियमबींनी तिचं मनगट धरलं. "गोष्ट सांगत होते मी. रचलेली. पूस ते."

"ऑल?"

"सगळं. खलास कर."

 हिबा एकेक रेकॉर्डिंग पुसू लागली. अकरा होती. एकात आईची अंगाई होती. ती आता मरियमबींशिवाय कुणालाच येत नव्हती. त्यांना स्वतःचीच शिसारी आली, पण मनगट काही त्यांनी सोडलं नाही. अकरावंही पुसून झालं.

शहरबानूचा चेहरा खुलला.

"किती ऐकते हो पोरगी! मोठीही अशीच असेल, तर आमच्याकडून होकार समजा."