गालाला जाड, नाकाला पातळ

"नाक आकसू नकोस गं मावशी, लेप तडकतो," अतीजा म्हणाली आणि सहाणेवर मुसीरोच्या झाडाचं खोड पुन्हा उगाळायला लागली.

मुआनशा मावशी चटईवर तोंड वर करून बसली होती. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा तसाच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या या अंगोशे गावात कोरडा वारा सुटला की बायकांचे गाल उलतात आणि सगळ्याजणी अतीजाच्या अंगणात येऊन बसतात. तिचा हातच तसा आहे. गालाला जाड लेप, नाकाला नि कपाळाला पातळ. धुतल्यावर खोबरेल फक्त गालांना, नाकाला थेंबसुद्धा नाही. ते आपलं आपण तेल काढत बसतं. तिची स्वतःची कातडी अशीच आहे, म्हणून रोज सकाळी ती आधी आपलं तोंड माखते आणि मग बाकीच्यांची.

तेवढ्यात कुंपणाचं दार ढकलून उसेने आत आला. अतीजाचा नवरा. खाणीत काम मिळालं म्हणून जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही बंद. आता अंगात नवा सदरा, हातात चाकांची बॅग. सोबत अतीजाचे अतुमाने मामा, कारण इकडे घर बायकोचं असतं आणि रागावलेल्या बायकोच्या अंगणात तिच्या मामाला पुढे घातल्याशिवाय पाय टाकायची कुणाची छाती होत नाही.

अतीजाने मान वर केली. तिचा पांढराफटक चेहरा बघून उसेने असा काही खुलला की विचारू नका.

"बघितलंत मामा? मी काय म्हणत होतो!" तो ओरडलाच. "अजून मुसीरो लावून बसलीय! माझीच वाट बघतेय!"

आता जुनी रीत होती तशी, नाही कोण म्हणतंय? नवरा परगावी गेला की बायकोने तोंड पांढरं करायचं. बघणाऱ्याने समजून घ्यायचं, हिचा माणूस यायचाय. तो आला की तोंड धुवायचं. पण हल्ली शाळेतल्या बाईंपासून मासेवालीपर्यंत सगळ्याच लावतात, कातडी मऊ राहते म्हणून. हा बाबा इतकी वर्षं बाहेर, याला कुठून कळणार!

मुआनशा मावशीला हसू आवरेना. तिच्या गालावरच्या लेपाचे तुकडे पडले.

"उसेने," अतीजा म्हणाली, "माझे गाल कोरडे आहेत आणि नाक तेलकट आहे. म्हणून लावते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासाठी नाही लावत."

उसेनेचं तोंड एवढंसं झालं. मामा खाकरले.

"पोरी, तो माफी मागायला आलाय. त्याला घरात घ्यायचं की नाही, तेवढं आज सांगून टाक. नको असेल तर सोडचिठ्ठीचं मी बघतो. हवा असेल तर ऊठ, तोंड धू."

अतीजाला राग आला होता आणि रागाच्या खाली, मेलं, बरंही वाटत होतं. हा माणूस मेला असेल म्हणून ती किती रडली होती. आणि हा इथे धडधाकट, वर छाती काढून उभा! आज गपगुमान तोंड धुतलं तर उद्या पुन्हा बॅग उचलून चालू लागेल. नको म्हणावं, तर जीभ उचलत नव्हती.

"फोन का बंद केलास?"

"काम गेलं. लाज वाटली."

"मग लाज वाटली म्हणून सांगायचं. त्याला काय वेगळा फोन लागतो?"

"चुकलं माझं," उसेने म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"बस इथे. मावशीच्या शेजारी."

तो बसला. अतीजाने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, सगळ्यांचा वळवते तसाच.

"काय गाल करून घेतलेस हे! तिकडे पाणी नव्हतं का?" असं म्हणत तिने दोन बोटं लेपात बुडवली आणि त्याच्या गालावर ओढली.

"अगं, हे काय! हे बायकांचं..."

"हलू नकोस."

गाल झाले, कपाळ झालं, नाक झालं. मामांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती, पण त्यांचं पोट हलत होतं.

"आता जा तुझ्या आईकडे," अतीजा हात पुसत म्हणाली. "बाजारातून जायचं, मागच्या वाटेने नाही. रोज सकाळी यायचं, लेप लावून घ्यायचा आणि परत जायचं."

"असं किती दिवस?"

"मला सांगितलं होतं कुणी, किती दिवस ते?"

उसेनेने आशेने मामांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मामा म्हणाले. "घर तिचं आहे."

उसेने उठला. बॅग ओढत तो बाजाराच्या रस्त्याला लागला. सुक्या मासळीच्या ओळीतल्या बायकांनी त्याला लांबूनच हेरलं.

"अगंबाई, हा बघा! काय रे उसेने, बायको परगावी गेली का काय तुझी?"

सगळी ओळ खिदळली. उसेनेचा हात गाल पुसायला वर गेला. क्षणभर तसाच राहिला, मग खाली आला.

"बायको घरीच आहे," तो म्हणाला. "मीच अजून पोचायचोय."