चंद्रमतीचा पहारा

पाद्री देवसहायम अय्या पेला घेऊन कठड्याच्या त्या टोकाला आले, आणि या टोकाला गुडघे टेकून बसलेल्या विश्वेशनं मधे किती माणसं उरली ते मोजलं.

वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी माणसं रांगेनं बसली होती. अय्या एकेकाच्या ओठाला चांदीचा पेला लावत, कड पांढऱ्या फडक्यानं पुसत आणि पुढे सरकत. विश्वेशचं हे पहिलंच प्रभुभोजन. नाताळात बाप्तिस्मा झाला, आज ईस्टरला पेला. भाकरीचा तुकडा त्यानं निर्धास्त खाल्ला होता. पण पेल्यात द्राक्षाची दारू असते, आणि दारू म्हणजे काय असतं हे त्या रांगेत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"घोटभर तर असते," तो मनाशी म्हणाला, आणि लगेच त्याला घाम फुटला. आजवर दर वेळी तो हेच तर म्हणत आला होता. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली सगळी मराठी घरं त्याला ओळखत, ती त्या घोटांमुळेच. ज्या देवानं गटारातून उचलून प्रार्थनेच्या चटईवर बसवलं, त्याच देवाच्या पेल्याला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणावं, तर जिभेला जुनी वाट आठवायला कितीसा वेळ लागतो? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर पुन्हा दूधच समोर येत होतं.

अय्यांना आधी सांगायला हवं होतं. पण लाजेनं तोंड उघडलं नाही. सांगितलं ते फक्त बायकोला, चंद्रमतीला, परवा जेवताना. भात वाढता वाढता तिचा हात तेवढा थांबला होता.

त्यानं मान वळवून पाहिलं. बायकांच्या बाजूला, अगदी मागे दाराशी ती बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, वेणीत मोगरा, जशी काही कुणाच्या लग्नाला आलीय. आजवर तिनं या दारात पाऊल टाकलं नव्हतं. त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा नातलगांनी नाकं मुरडली, पण ती एवढंच म्हणाली होती, "तुमी कोठल्या देवाच्या पायां पडता, ते तुमचं. घरीं शुद्धीवर आलात, मला पुरे."

तरी रोज संध्याकाळी एसटीडी बूथ बंद करून तो घरी आला, की ती उंबऱ्यातच अडवायची. "हाऽ करा पाहूं." तोंडाचा वास घेतल्याशिवाय नवऱ्याला आत सोडायची नाही. आज पहारा थेट चर्चपर्यंत आला होता. विश्वेशला त्याचा राग आला नाही. उलट तिच्याकडे बघून थोडा धीरच आला.

पेला शेजारच्या म्हाताऱ्यापाशी आला. मग विश्वेशपाशी.

त्यानं डोळे मिटले. "प्रभू, आता तूच बघ," असं पुटपुटत तोंड उघडलं. नाक मात्र सवयीनं आधीच पुढे झालं होतं. फर्लांगावरून ओळखू येणारा तो वास आता येईल, मग येईल.

आला तो वेलचीचा.

पाठोपाठ काहीतरी गोड जिभेवरून उतरलं आणि घशाला सुंठेचा, घरच्या बोलीतल्या सुक्कुचा, चटका बसला. जाडसर कुटलेल्या सुंठेचा. असली सुंठ अख्ख्या तंजावुरात एकच बाई कुटायची. दर रामनवमीला तिच्या गुळाच्या पानकानं सगळ्या गल्लीला ठसका लागायचा.

विश्वेशनं डोळे उघडले. शेजारचा म्हातारा ओठ चाटत नवलानं पेल्याकडे बघत होता. अय्या पेल्याची कड पुसायला वाकले आणि त्याच्या कानाशी हळूच तमिळमध्ये म्हणाले, "काल तुझी बायको आली होती घरी, पेल्यात दारू नको म्हणून. मनुका नुसत्या उकळून दे म्हणालो होतो, बाबा. आज सगळ्यांना हेच दिलंय."

विश्वेशनं कठड्यावर डोकं टेकलं आणि तो मनसोक्त रडला. मागच्यांना वाटलं, पापं आठवली असतील. पापं कसली आठवतायत! माणसाला आनंद झाला होता.

उपासना संपल्यावर सगळे बाहेर चपला शोधत असताना त्यानं तिला गाठलं.

"देवाच्या पेल्यांत सुक्कु अन् वेलची?"

"मग?" चंद्रमतीलाच नवल वाटलं. "देवापुढें ठेवायचं, आणि नुसतं उकळून? माझ्या हातून होणार नाही."

अय्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण हसू येत होतं.

इथे उंबरा घरचा नव्हता, आणि भोवती सगळी मंडळी उभी होती. तरी चंद्रमती एक पाऊल पुढे आली.

"हाऽ करा पाहूं."

विश्वेशनं मान खाली वाकवली आणि चारचौघांदेखत तोंड उघडलं. तिनं वास घेतला. क्षणभर विचार केला.

"वेलची जास्तीच जाली," ती म्हणाली.