सोयरिकीला पुरत न्हाई

बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या अंबिकानं वडलांचं, श्रीपतरावांचं, जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट काढलं. "बसनं अख्खी रात्र जाते, आप्पा. बीदरहून विमानानं सव्वा तासात पोचता." तरी कमलनगरहून निघताना बायकोनं सवयीनं रात्रभर पुरतील एवढ्या दशम्या बांधून दिल्याच.

विमान वर गेलं तसं श्रीपतरावांनी शेजारच्या टोपीवाल्याला विचारलं, "पाव्हणं, गाव कोणचं?"

गाव बसवकल्याणच्या बाजूचं निघालं. मग आडनाव निघालं, मामाचं गाव निघालं, आणि बघता बघता पाव्हणे श्रीपतरावांच्या मेहुण्याचे साडू निघाले. फोन नंबर घेतले-दिले गेले, दशम्यांचं फडकं सुटलं. खाता खाता कळलं, पाव्हण्यांची धाकटी लग्नाची आहे. श्रीपतरावांचा घास हातातच राहिला. थोरल्या व्यंकटसाठी पोरगी बघून बघून ते थकले होते. पोरगा शेती करतो म्हटलं की लोक चहा पिऊन उठायचे. आता विषय काढावा म्हणून त्यांनी घसा साफ केला, तर विमान उतरायलाच लागलं. दाराशी गर्दीत कसंबसं एवढंच बोलता आलं, "आमचा थोरला शेतीच करतो बरं का."

संध्याकाळी अंबिकानं विचारलं, "कसं वाटलं विमान?"

"ब्येस हाय. पर सोयरिकीला पुरत न्हाई. परतीचं तिकीट रद्द कर, मी बसनं जातो."

"कामून, आप्पा? रात्रभर एकटेच अवघडून बसणार?"

"एकटा कामून? आत्ताच पाव्हण्यांचा फोन आलता. त्यांनीबी त्यांचं रद्द केलंय."