डोरलेसाठी तीन दिवस

"बाबा, मी हॉटेलातच उतरते. तुमच्या घरी नको."

फोनवर डोरलेचं हे ऐकून लिओनहार्डला हुश्श झालं. पाठोपाठ रागही आला. "का? बागेकडची खोली तुझीच आहे की."

"असू दे. उगीच तुमची धावपळ."

बाग नव्हती. खोली नव्हती. छापखाना बुडाला तेव्हा घरही गेलं. तीन वर्षं तो फुगेरायमध्ये राहत होता. गरजू ऑग्सबुर्गकरांसाठी पाचशे वर्षांपूर्वी बांधलेली पिवळी घरं. वर्षाचं भाडं एक युरोही नाही, बदल्यात रोज तीन प्रार्थना. पर्यटक तिकीट काढून येत आणि खिडक्यांतून डोकावत. हाम्बुर्गला राहणाऱ्या लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. होऊही द्यायचं नव्हतं.

आराखडा एक.
शुक्रवार: अकराला स्टेशन.
शनिवार: कॅथेड्रल, जुने कालवे.
रविवार: जेवण, परतीची गाडी.
फुगेराय: टाळायची. कारण काय सांगू?

सांगावंच लागलं नाही. "आणि फुगेराय नको हं बाबा," पुढच्या फोनवर तीच म्हणाली. "नुसती गर्दी असते."

"अगदी बरोबर!" तो घाईने म्हणाला. मग गोंधळला. या शहरात येऊन फुगेराय नको म्हणणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

आराखडा दोन.
शुक्रवार: स्टेशन खोडलं. (घ्यायला येऊ नका म्हणते.) थेट टाउन हॉलच्या चौकात, शांतिमहोत्सवाच्या पंगतीला. जो तो आपापलं आणतो आणि शेजाऱ्याला वाढतो.

"मी आलुबुखाऱ्याचा केक करून आणते," डोरले म्हणाली.

"हाम्बुर्गहून? ऑगस्टच्या उकाड्यात, सहा तास?"

"मग तुम्ही आणा. तुमचा करपतो, पण आणा."

"करपायचा तुझ्या आईचा. माझा कच्चा राहतो." दोघं हसले. "रजा मिळाली ना गं?"

"रजा कशाला? शुक्रवारी सुट्टीच आहे की."

फोन ठेवून तो पेन्सिल चावत बसला. आठ ऑगस्टची शांतिमहोत्सवाची सुट्टी फक्त ऑग्सबुर्गला. शेजारच्या गावातसुद्धा दुकानं उघडी असतात. मग हाम्बुर्गला कुठली? नोकरी गेली असेल? लपवतेय?

छे. ती आपल्यासारखी नाही.

आराखडा तीन.
सगळं तेच. कडेला एक प्रश्नचिन्ह.

गुरुवारी दुपारी फुगेरायच्या व्यवस्थापक मँगोल्डबाई दारात आल्या. "काय हो, आज दाढीबिढी? लग्न ठरलं की काय?"

"लेक येतेय उद्या."

"अरे वा! मग आणा की इकडे. आम्हीही बघू."

"तिला वेळ नाही."

"बरं, एक काम करा. तुमच्या वरच्या घरात नव्या बाई येताहेत, आणि मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. तेवढी किल्ली द्या त्यांना. आणि जरा गोड बोला. फार संकोची आहेत."

लिओनहार्डला पहिला दिवस आठवला. पेटी हातात घेऊन तो स्वतः या गल्लीत शिरला होता, मान खाली घालून. तेव्हा कुणीतरी दोन शब्द बोलायला हवं होतं.

चारच्या सुमाराला घंटी वाजली. त्याने किल्ली उचलली.

"आलो, आलो! लाजायचं काही नाही हं, इथे कुणी कुणाला काही विचारत नाही," असं म्हणतच त्याने दार उघडलं.

दोन्ही हातांत पिशव्या आणि वरच्या घराचं मंजुरीपत्र घेऊन बाहेर डोरले उभी होती.